पुसण्याआधी मोजा

बॅकअप सर्व्हरची डिस्क अचानक भरली तर काय करायचं, याचं आपल्या क्षेत्रात एक ठरलेलं उत्तर आहे. सर्वांत जुने बॅकअप पुसा, रात्रीचं काम पुन्हा लावा आणि पुढच्या खरेदीत मोठी डिस्क मागवा. नव्याने रुजू झालेल्या मुलांना हेच शिकवलं जातं. कित्येक ठिकाणी तर यात माणूसही ठेवलेला नाही. डिस्क नव्वद टक्क्यांवर गेली की सर्वांत जुनी प्रत आपोआप पुसणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये बसवलेली असते. या उत्तराला माझा विरोध आहे. ते नुसतं अपुरं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. ते चुकीचं आहे, आणि ज्या दिवशी बॅकअपची खरी गरज पडते नेमक्या त्याच दिवशी ते घात करतं.

हा सल्ला देणारे बेजबाबदार नसतात. त्यांचं म्हणणं असं की, डिस्क स्वस्त झाल्या आणि माणसाचा वेळ महाग झाला. रात्री दोन वाजता बॅकअप अडकला तर आजचा डेटा उघडा पडतो, आणि सहा महिन्यांपूर्वीच्या प्रतीपेक्षा आजची प्रत मोलाची. शिवाय, जुनी प्रत परत मागायला येतं कोण? तिन्ही मुद्द्यांत तथ्य आहे, म्हणूनच तर हा सल्ला इतका टिकला. पण तिन्हींच्या मुळाशी एक गृहीतक दडलेलं आहे. जागा जुन्या प्रतींनी खाल्ली, असं ते गृहीतक. ते कुणी तपासत नाही.

वेब सर्व्हर किंवा एखाद्याचा लॅपटॉप कसाही, कधीही भरू शकतो. बॅकअप सर्व्हरचं तसं नसतं. रोज तेच स्रोत, तीच वेळ, तीच पद्धत. त्यामुळे त्याची वाढ कंटाळवाणी, जवळजवळ सरळ रेषेत होते आणि डिस्क कोणत्या महिन्यात भरेल हे कागदावर मांडता येतं. अशी डिस्क अंदाजाप्रमाणे भरली तर तो खरेदीचा प्रश्न आहे, आणि त्यावर माझं काही म्हणणं नाही. अंदाज नसताना भरली, तर स्रोत तरी बदललाय, पद्धत तरी मोडलीय, किंवा सर्व्हरवर बॅकअपखेरीज काहीतरी साचतंय. जुन्या प्रती कालही होत्या आणि काल जागा होती. मग आज जे बदललं ते जुन्या प्रतींत कसं असेल? तरीही आपला हात सर्वांत आधी त्यांच्यावरच पडतो.

आता प्रत्यक्ष हिशोबाकडे येऊ. लिनक्सवर जागा विचारण्याच्या दोन आज्ञा सगळ्यांना ठाऊक असतात, डीएफ आणि डीयू. डीएफ फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या नोंदींना विचारते की किती ब्लॉक वापरात आहेत. डीयू फोल्डरांमधून फिरते आणि नावाने सापडेल त्या प्रत्येक फाइलचे ब्लॉक बेरजेत धरते. ती जनगणनेच्या प्रगणकासारखी आहे. दार दिसलं तरच आत कोण राहतं ते लिहिणार. या दोन आकड्यांत मोठी तफावत निघाली, तर तीच तपासाची सर्वांत मोलाची खूण असते. पुसायला धावणारा माणूस ही तफावत बघतच नाही, कारण त्याने डीएफचा ‘शंभर टक्के’ एवढाच आकडा वाचलेला असतो.

तफावतीचं पहिलं कारण युनिक्सच्या स्वभावातच आहे. इथे फाइल पुसणं म्हणजे तिचं नाव काढणं. एखाद्या प्रोग्रामने ती उघडून धरली असेल, तर तो सोडेपर्यंत ब्लॉक मोकळे होत नाहीत. समजा, बॅकअपच्या सेवेची लॉग फाइल फुगून दोनशे जीबी झाली आणि कुणीतरी ती थेट पुसली. सेवा चालूच आहे, म्हणून डीएफचा आकडा जागचा हलत नाही, आणि फाइल तर आता दिसतही नाही. पुसणाऱ्याला वाटतं, एवढ्याने भागलं नाही, आणखी काढू. मग तो प्रतींकडे वळतो. खरं तर एलएसओएफला फक्त नाव हरवलेल्या उघड्या फाइली दाखवायला सांगितलं असतं, तर ती सेवा एका ओळीत सापडली असती. ती पुन्हा सुरू केली असती की दोनशे जीबी परत, एकही प्रत न गमावता.

दुसरं कारण मी सर्वांत घातक मानतो. बॅकअपची डिस्क वेगळी असते आणि ती एका फोल्डरवर माउंट होते. सर्व्हर रीस्टार्ट झाला, केबल सैल झाली, नेटवर्कवरची स्टोरेज वेळेवर जागी झाली नाही, आणि डिस्क माउंट झालीच नाही. फोल्डर मात्र जागेवर आहे. बॅकअपची स्क्रिप्ट त्याच फोल्डरमध्ये लिहीत सुटते आणि सगळा डेटा सर्व्हरच्या मूळ, छोट्या डिस्कवर जाऊन पडतो. तिथे आधीची प्रत नसल्यामुळे वाढीव बॅकअपऐवजी पूर्ण बॅकअप होतो. सकाळी कुणीतरी डिस्क माउंट करतो. आता खालचा डेटा माउंटच्या आड गेला. डीयूला तो दिसणं शक्य नाही, पण मूळ डिस्क भरलेलीच. अशा वेळी माउंट झालेल्या डिस्कवरच्या जुन्या प्रती पुसून मूळ डिस्कवर एक बाइटही मोकळा होणार नाही, आणि तरी लोक पुसतात. मूळ फाइल सिस्टिम बाइंड माउंटने दुसऱ्या फोल्डरवर उघडली की लपलेला ढीग समोर येतो. पुन्हा तसं होऊ नये म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘इथे खरंच माउंट आहे का’ ही तपासणी हवी, आणि माउंटच्या रिकाम्या फोल्डरला चॅटरने अपरिवर्तनीय करून ठेवायला हवं, म्हणजे डिस्क नसेल तेव्हा लिहिणंच अडेल. दोन ओळींचं काम आहे. मोठी डिस्क घेऊन हा दोष जात नाही, उलट मोठ्या डिस्कवर तो जास्त दिवस लपून राहतो.

कधी डीएफ निम्मी जागा मोकळी दाखवते आणि तरी ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ हाच निरोप येतो. तिथे ब्लॉक शिल्लक असतात, आयनोड संपलेले असतात. ईएक्सटी4 फाइल सिस्टिम बनवतानाच आयनोडची संख्या ठरते, नेहमीच्या मांडणीत साधारण दर 16 केबीमागे एक. प्रत्येक ईमेल वेगळ्या फाइलमध्ये ठेवणाऱ्या मेल सर्व्हरचे बॅकअप घेतले की लाखो चिमुकल्या फाइली होतात आणि ही संख्या आधी संपते. इथे तीनशे जीबीचं एक जुनं टार पुसलं तर सुटतो अवघा एक आयनोड. वर्षभरापूर्वीची संपूर्ण प्रत गेली आणि अडचण जिथल्या तिथे. डीएफला आयनोडचा हिशोब विचारायला काही सेकंद लागतात.

राखीव जागेचंही सांगायला हवं. 1984 साली बर्कलीच्या फास्ट फाइल सिस्टिमवरच्या शोधनिबंधात मॅक्युसिक, जॉय, लेफलर आणि फॅब्री यांनी डिस्कचा काही भाग मोकळा राखण्याची गरज मांडली, कारण डिस्क काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेग ढासळतो. तोच विचार ईएक्सटी4मध्ये पाच टक्क्यांच्या राखीव जागेच्या रूपाने आला. 8 टीबीच्या डिस्कवर ती 400 जीबी होते. निव्वळ बॅकअपच्या डिस्कवर ती एक टक्क्यावर आणली तर 320 जीबी हाती लागतात, फाइल सिस्टिम उतरवावी लागत नाही आणि एकही प्रत जात नाही. ही उसनवारीच आहे, हे मान्य. पण तपासाला लागणारे दोन-तीन दिवस तिने मिळतात.

आता त्या लाडक्या उपायाकडे, जुनी प्रत पुसण्याकडे येतो. आजच्या बहुतेक बॅकअप पद्धतींत त्याने फारशी जागाच मोकळी होत नाही. आरसिंक आणि हार्ड लिंक वापरून घेतलेल्या रोजच्या प्रतींत न बदललेली फाइल डिस्कवर एकदाच असते आणि तीस प्रतींत तिला तीस नावं असतात. सर्वांत जुनी प्रत काढली म्हणजे तिसांतलं एक नाव काढलं, ब्लॉक तसेच. फक्त त्या एकाच प्रतीत असलेल्या फाइलींची जागा सुटते, आणि ती बहुधा किरकोळ असते. बीटीआरएफएस आणि झेडएफएसच्या स्नॅपशॉटचंही तेच. रेस्टिकमध्ये ‘फर्गेट’ने प्रतीची नोंद जाते, डेटा जातो ‘प्रून’ केल्यावर. बोर्गच्या 1.2 आवृत्तीपासून पुसल्यानंतर ‘कॉम्पॅक्ट’ ही वेगळी आज्ञा दिल्याशिवाय डिस्कवरची जागा परत मिळत नाही. हे ठाऊक नसलेला माणूस एक प्रत पुसतो, डीएफ बघतो, काही हललं नाही म्हणून दुसरी पुसतो, मग पाच, मग दहा. सगळा इतिहास गेल्यावर कुठे आकडा खाली येतो. नव्वद टक्क्यांच्या खाली येईपर्यंत पुसत राहा, असं सांगितलेली स्क्रिप्ट हेच कुणाच्या नकळत, रात्रीतून करते.

आणि ज्याने जागा खाल्ली, तो यातून सुटतोच. कुणीतरी मूळ सर्व्हरवर सगळ्या फाइलींची मालकी एका आज्ञेने बदलली की आरसिंकच्या लेखी जुनी आणि नवी फाइल सारखी उरत नाही, ती हार्ड लिंक न करता नवी प्रत लिहिते. लेखा विभागातल्या कुणी वरच्या फोल्डरचं नाव बदललं, तर आतल्या सगळ्या फाइली नव्या ठरतात. व्हर्च्युअल मशीनची पाचशे जीबीची विरळ फाइल, जिच्यात खरा डेटा चाळीसच जीबी आहे, ती विरळपणा न जपता उतरवली की पाचशे जीबीच व्यापते. बॅकअपचं फोल्डरच चुकून बॅकअपच्या स्रोतात आलं, तर प्रतीत प्रत शिरत जाते. यांतले शेवटचे दोन दोष तर उद्या रात्री पुन्हा जागा मागणार आहेत. आज पुसून मिळवलेली जागा त्यांच्याच घशात जाते.

इथवर मी जागेबद्दल बोललो. खरी भीती वेगळी आहे. रॅन्समवेअर फाइली कूटबद्ध करतं तेव्हा प्रत्येक फाइल बदलते. कूटबद्ध डेटा आकुंचन पावत नाही आणि जुन्या डेटाशी जुळतही नाही. म्हणजे त्या रात्रीचा वाढीव बॅकअप पूर्ण बॅकअपएवढा फुगतो आणि डिस्क अनपेक्षितपणे भरते. ‘जागा संपली’ हा निरोप त्या हल्ल्याची पहिली बातमी असू शकतो, सकाळी कुणी संगणक उघडायच्या आधीची. त्या क्षणी डिस्कवर दोन प्रकारचा डेटा आहे. जुन्या, शाबूत प्रती, आणि आज आलेला, कधीच न उघडणारा कचरा. ‘सर्वांत जुनं पुसा’ हा नियम या कचऱ्याला जागा करून देण्यासाठी शाबूत प्रती काढून टाकतो. हल्लेखोराला बॅकअप नष्ट करायचे असतातच. इथे ते काम आपलीच स्क्रिप्ट करून देते. हे टाळायला काही महागडं नको. रोजच्या वाढीचा आकडा नोंदवा आणि तो नेहमीच्या कित्येक पट झाला की पुसणं आपोआप थांबेल, अशी अट घाला.

आकार ही बातमी असते, आणि ती दोन्ही बाजूंनी असते. 31 जानेवारी 2017ला गिटलॅबमध्ये एका अभियंत्याच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले, तर अ‍ॅमेझॉनच्या एस3मधली ठरलेली जागा रिकामी होती. पोस्टग्रेसच्या आवृत्त्या न जुळल्याने रोजचा डंप अपयशी ठरत होता, आणि अपयश कळवणारे ईमेल डीमार्कच्या नियमांमुळे नाकारले जात होते. साधारण सहा तासांपूर्वीच्या एका स्नॅपशॉटवर शेवटी निभावलं. तिथे जागा भरत नव्हती आणि त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. भरलेल्या डिस्ककडे ‘जागेची अडचण’ म्हणून बघणं हे त्याच दुर्लक्षाचं दुसरं रूप आहे. दोन्हीकडे आकडा काहीतरी सांगत असतो आणि तो कुणी वाचत नाही.

आपोआप पुसणाऱ्या स्क्रिप्टवर माझा इतका राग का, असं विचारणाऱ्यांनी क्योटो विद्यापीठाचं प्रकरण वाचावं. डिसेंबर 2021मध्ये तिथल्या महासंगणकाच्या स्टोरेजवरून सुमारे 77 टीबी डेटा, जवळपास 3 कोटी 40 लाख फाइली, पुसल्या गेल्या. 14 संशोधन गटांना फटका बसला आणि त्यांतल्या 4 गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत आणता आला नाही. पुसणारा कुणी हल्लेखोर नव्हता. ती बॅकअपचीच स्क्रिप्ट होती, आणि तिच्यातली संबंधित आज्ञा दहा दिवसांहून जुन्या लॉग फाइली काढण्यासाठी होती. स्क्रिप्ट चालू असतानाच तिची सुधारित आवृत्ती तिच्यावर लिहिली गेली. बॅश स्क्रिप्ट चालवता चालवता वाचत जाते. मधूनच नवी आवृत्ती वाचली गेली, व्हेरिएबल रिकामे राहिले, आणि लॉगच्या फोल्डरऐवजी संशोधकांच्या फाइली निशाण्यावर आल्या. पुरवठादार कंपनीने जबाबदारी पूर्णपणे स्वीकारली, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवं. पण आपण शिकण्यासारखं दुसरंच आहे. जपानमधल्या नामांकित विद्यापीठात, यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या लोकांनी लिहिलेली, जुने लॉग काढण्याइतकी साधी आज्ञा असं करू शकते. मग कुणी कधीच न तपासलेली, चार वर्षांपूर्वी कुठून तरी उचललेली आपल्या कार्यालयातली स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने रोज रात्री पुसत बसते, हे आपल्याला चालतं कसं?

जुनी प्रत कोण मागतं, या प्रश्नाचं उत्तर कायद्यातही आहे. कंपनी कायद्याप्रमाणे हिशोबाची पुस्तकं 8 आर्थिक वर्षं जपावी लागतात, आणि 2022च्या दुरुस्तीनंतर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावा लागतो. सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग 180 दिवस राखायचे आहेत. बॅकअप म्हणजे दप्तरखाना नव्हे, हे मलाही मान्य आहे. जपायच्या नोंदी वेगळ्या जागी असाव्यात. पण पुण्या-नाशिकच्या छोट्या कार्यालयांत अशी वेगळी जागा सहसा नसते. तिथे तीन वर्षांपूर्वीची खातेवही असलीच, तर त्या बॅकअपच्या डिस्कवरच असते. रात्री दोन वाजता ती पुसायचा निर्णय घेणाऱ्याला हे ठाऊक असतं का? मालकाला कुणी विचारलेलं असतं का?

डिस्क स्वस्त आहे, हा मुद्दा उरला. टोयोटाच्या जपानमधल्या 14 कारखान्यांतल्या सगळ्या 28 लाइन 29 ऑगस्ट 2023ला बंद पडल्या. कंपनीनेच नंतर सांगितलं की, 27 तारखेच्या देखभालीत डेटाबेसमधला साचलेला डेटा पुसण्याचं आणि नीट लावण्याचं काम चालू असताना डिस्कची जागा अपुरी पडली आणि सुट्या भागांच्या ऑर्डरची यंत्रणा थांबली. पर्यायी सर्व्हरही त्याच यंत्रणेवर असल्याने तिथेही तसाच बिघाड झाला. शेवटी जास्त क्षमतेच्या सर्व्हरवर डेटा हलवून काम सुरू झालं. म्हणजे मोठी डिस्क कामाला येते, मी ते नाकारत नाही. पण अपयश जागा संपण्याच्या नुसत्या क्षणी आलं नाही, ते भरल्या डिस्कवर पुसापुशी चालू असताना आलं. पुसायलाही जागा लागते. बीटीआरएफएस प्रत्येक बदल नव्या ब्लॉकमध्ये लिहिते, म्हणून काठोकाठ भरलेल्या डिस्कवर फाइल काढणंही अडू शकतं. बोर्गलाही पुसण्याचा व्यवहार नोंदवायला मोकळी जागा हवी असते, आणि त्यासाठी थोडी जागा आधीच राखून ठेवण्याची सोय त्यात दिलेली आहे. ती किती जण वापरतात?

तर मग रात्री दोन वाजता काय करायचं? हा प्रश्न रास्त आहे, आणि टाळण्यासारखा नाही. पहिलं काम, पुसणारी सगळी कामं क्रॉनमधून थांबवायची, बॅकअप घेणारी नव्हे. दुसरं, आजचा डेटाबेस आणि अत्यावश्यक फाइली दुसऱ्या कुठल्याही डिस्कवर उतरवायच्या, मग ती दोन टीबीची बाहेरची डिस्क का असेना. आजची प्रत मोलाची आहे ना? मग ती आधी सुरक्षित करा, आणि त्यासाठी जुन्या प्रतीला हात लावायची गरज नाही. मग डीएफ, आयनोड, नाव हरवलेल्या फाइली, माउंट, आणि गेल्या काही रात्रींच्या प्रतींतला फरक, एवढं बघायचं. सरावाच्या माणसाला याला फार वेळ लागत नाही. डिस्क तयार करतानाच तिच्यावर पाच-दहा जीबीची एक निरुपयोगी फाइल ठेवून दिली असेल, तर काढायची पहिली गोष्ट तीच. स्नॅपशॉट नसलेल्या साध्या फाइल सिस्टिमवर तपासापुरता श्वास तिने मिळतो.

त्यानंतरही प्रती पुसाव्या लागल्या तर पुसा. पण कुठली, कशामुळे आणि कुणाच्या संमतीने, हे लिहून ठेवून पुसा, आणि उरलेल्यांतली एक प्रत खरोखर उघडून, फाइली परत आणून बघितल्यावरच पुसा. एकाच माणसाच्या भरवशावर चालणाऱ्या कार्यालयालाही हे जमतं. त्याला फक्त सकाळी मालकाला फोन करायची परवानगी हवी. बॅकअपची सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडे आणि बसवून देणाऱ्यांकडे माझी मागणी याहून थेट आहे. डिस्क भरली की सर्वांत जुनी प्रत आपोआप काढण्याचा पर्याय मुळात बंद ठेवून द्या, आणि तो चालू करणाऱ्याकडून आधी रोजच्या वाढीची कमाल मर्यादा भरून घ्या. ती मर्यादा ओलांडली गेली तर काहीही पुसलं जाता कामा नये, मग त्या रात्रीचा बॅकअप अपुरा राहिला तरी चालेल.